तो गोळा डोंगरामागं पडला का?

प्रश्न : सर, आमच्या शेतपंपाला लाईट रात्रीची असते. मागच्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमाराला उसाला पाणी पाजत होतो. एकदम बांधावर उजेड पडला, माझी सावलीसुद्धा दिसली. वर बघतो तर हिरवट पांढरा गोळा सागरेश्वराच्या डोंगराकडं गेला, त्याचे दोन तुकडे झाले आणि माथ्याच्या जरा वर विझला. सगळं तीन-चार सेकंदांत. आवाज काहीच नाही. आई म्हणते, तारा तुटला, कुणाला सांगू नको. भाऊ म्हणतो, सॅटेलाईट असणार. डोंगरामागं शोधलं तर सापडेल का?
– एक वाचक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : आईंना सांगा, आकाशातले सगळे तारे जागच्या जागी आहेत. तुम्ही पाहिला तो अग्निगोळा, म्हणजे शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का. सावली पडावी इतका उजेड तर फार थोड्यांच्या वाट्याला येतो. साताऱ्यात दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्या मला तुमच्या बांधाचा हेवा वाटतो.

भावाची शंका रास्त आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात जळते तुकडे दिसले, सिंदेवाहीजवळ धातूची मोठी कडी पडली. ते चिनी रॉकेटचे भाग मानले जातात. पण असे अवशेष सेकंदाला आठेक किलोमीटर वेगानं, जवळजवळ आडवे येतात आणि बराच वेळ दिसत राहतात. उल्केचा वेग किमान अकरा किलोमीटर, कधी सत्तरपर्यंत. पुढची हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि दगड वितळून उडून जातो. हिरवा रंग बहुधा मॅग्नेशियम किंवा निकेलचा.

आता डोंगरामागचं. त्याच बांधावर उभे राहा, हात सरळ लांब करा. मिटलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. गोळा क्षितिजापासून दीड मूठ वर विझला असेल, तर तो पंधरा अंशांवर होता. असे गोळे पुष्कळदा चाळीसेक किलोमीटर उंचीवर विझतात. त्या हिशेबानं तो तुमच्यापासून दीडशे किलोमीटर दूर, दौंडच्या आसपासच्या आकाशात होता! म्हणून सागरेश्वरात शोधू नका. तिथला काळा दगड आपल्या सह्याद्रीचा बेसाल्टच असणार.

आवाजाचं कोडंही त्यातच सुटतं. एवढ्या अंतरावरून आवाज यायला सात मिनिटांहून जास्त लागतात, आणि बहुतेक वेळा तो वाटेतच विरतो. जवळ फुटला तर मात्र जपा. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लोक उजेड बघायला खिडक्यांशी गेले, मागून आलेल्या धक्क्यानं काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार जण जखमी झाले.

वेळ, दिशा, सुरुवातीची आणि शेवटची उंची मुठीच्या मापात आजच वहीत लिहा आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर कळवा. बारामतीकडच्या किंवा फलटणच्या कुणी तोच गोळा पाहिला असेल, तर दोन जागांच्या दिशा जुळवून त्याची खरी वाट काढता येते.