रस्ता रुंद झाला की अपघात कमी होतात का? संकेश्वरच्या दुकानातून दिसतं ते

तुम्ही विचारलंय, "देशात एवढे चौपदरी, सहापदरी रस्ते होतायत, तरी अपघात आणि कोंडी का कमी होत नाही? नेमकं काय करायला पाहिजे?"

मी काही रस्त्यांचा इंजिनिअर नाही. बेळगाव जिल्ह्यात संकेश्वरला हायवेच्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाड्यांचे दिवे, वायरिंग, सेल्फ, डायनामो. दुकान टाकलं तेव्हा समोरचा पुणे-बेंगळुरू रस्ता एनएच ४ होता आणि दुपदरी होता. सुवर्ण चतुष्कोनात तो चौपदरी झाला, नंतर नंबर बदलून ४८ झाला, आणि आता सहापदरीचं काम चालू आहे. एकाच स्टुलावर बसून तिन्ही अवतार पाहिले. दुपदरी होता तेव्हा समोरासमोरच्या धडका फार. मधे दुभाजक आला आणि त्या कमी झाल्या, हे मान्य करायलाच पाहिजे. पण त्याबरोबर मागून आदळणं वाढलं. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की कारवाला ऐंशीचा शंभरवर जातो. ट्रॅक्टर मात्र होता तिथंच, वीसवर. दोघांच्या वेगातला फरक साठचा होता तो ऐंशी झाला. माझ्या मते माणसं मरतात ती जास्त करून या फरकात.

आमच्याकडं दिवाळीच्या पुढंमागं कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मार्चपर्यंत रस्ता उसाचा होतो. चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, गोकाक, कुठंही जा, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट बाहेर आलेला ऊस, आणि मागं एकही दिवा नाही. आता हिशेब बघा. ताशी ८० वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढं काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. तिथून गाडी थांबायला आणखी ३५. एकूण जवळजवळ ७० मीटर. आणि समोरून गाडी येते म्हणून तुम्ही डिपर मारलेला, म्हणजे उजेड खाली केलेला असेल तर तो पडतो जेमतेम ४०-५० मीटर. म्हणजे ती ट्रॉली दिसते तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. तुम्ही कितीही सरावलेले ड्रायव्हर असा. शंभरवर असाल तर हाच आकडा शंभर मीटरच्या आसपास जातो.

लोक म्हणतात, ट्रॅक्टरवाले माजलेत, दिवे लावत नाहीत. अहो, दिवे मीच बसवतो की. सीझनच्या आधी रांग लागते दुकानात. पण महिन्याभरात त्यातले निम्मे दिवे मेलेले असतात, आणि त्याला कारणं आहेत. ट्रॉली फडात घातली की खालून लोंबणारी वायर उसाच्या बुडख्यांत अडकून तुटते. भरलेली ट्रॉली एकाची, ओढणारा ट्रॅक्टर दुसऱ्याचा, मग दोघांचे प्लग जुळत नाहीत. जुळले तरी मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीतून करंट घेते, म्हणजे एक जोड तुटला की सगळा अंधार. दिवा चालू राहिलाच तर वरून लोंबणारं वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, त्याला झाकून टाकतं. आणि ड्रायव्हरचा हिशेब टनावर आणि खेपांवर असतो. एका दिव्यासाठी तो तासभर माझ्याकडं का थांबेल? तेवढ्यात कारखान्याच्या वजनकाट्यावरचा त्याचा नंबर जातो.

माझा एक मावसभाऊ अशाच एका ट्रॉलीला मागून धडकला. चाक पंक्चर झालं म्हणून ती डांबरावरच उभी केलेली होती, मागं चार दगड ठेवून. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेलो तर मागच्या फळीवर माझ्याच हातचं वायरिंग. जॉइंटला मी नेहमी लाल टेप गुंडाळतो, त्यावरून ओळखलं. दिव्याची काच होती, बल्ब होता, वायर मधेच तुटलेली. ट्रॉली नेल्यावरही ते चार दगड रस्त्यावर तसेच पडलेले होते, तेवढे मी बाजूला टाकले. आमच्याकडं चाक बदलून झालं की दगड उचलायची पद्धतच नाही.

तेव्हापासून मी दिव्यावरचा विश्वास सोडला आणि रिफ्लेक्टर टेपच्या मागं लागलो. त्याला वायर नको, बॅटरी नको. मागं लाल, बाजूला पिवळा, पुढं पांढरा. चांगल्या प्रतीचा टेप धुऊन पुसून ठेवला तर दीडशे-दोनशे मीटरवरून चमकतो. वरचा सत्तर मीटरचा हिशेब आता पुन्हा घाला, माणूस वाचतो की नाही बघा. एका ट्रॉलीचा खर्च चार-पाचशे रुपये, म्हणजे उसाच्या एका खेपेपुढं काहीच नाही.

मग हे होत का नाही? कारण आपण पोलिसांकडं बघतो. हजारो ट्रॅक्टर, शेकडो पाणंदी, रात्रीचे दोन वाजलेले. पोलीस कुठं कुठं उभे राहणार? पण प्रत्येक ट्रॉलीला एका ठिकाणी जावंच लागतं, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. तिथं कुणी चुकवू शकत नाही, कारण तिथल्या पावतीवरच पैसे मिळतात. मागं टेप नाही तर वजन नाही, असा नियम काट्यावर एक सीझन कडक पाळला तर आमच्या जिल्ह्यात जेवढं काम होईल तेवढं दहा उड्डाणपुलांनी होणार नाही. काही कारखाने सीझनच्या सुरुवातीला फोटोपुरते टेप लावतात. तो पहिल्या पंधरा दिवसांत चिखलानं माखतो. रोज काट्यावर एक माणूस फडकं घेऊन उभा पाहिजे, बस्स. तुमच्या भागात ऊस नसेल, पण वाळूची खाण असेल, बाजार समिती असेल, गोदाम असेल. अवजड गाड्यांना जिथं थांबावंच लागतं अशी जागा शोधा आणि नियम तिथं लावा.

आता राँग साईडचं. हायवेला उलट्या बाजूनं येणारा दुचाकीवाला बघून तुमची तळपायाची आग मस्तकाला जाते, माझीही जाते. पण त्याचं घर या बाजूला आणि रान त्या बाजूला आहे. चौपदरी करताना त्याची जुनी वाट बुजली आणि खालून जायचा बोगदा दीड-दोन किलोमीटरवर दिला. डोक्यावर वैरण, मागं बायको, पेट्रोलचा भाव हा असा. तो उलटाच येणार. दंड करा, पण दंड भरून तो पुन्हा उलटाच येईल, कारण रान काही जागचं हलत नाही. धाब्यापुढं, पंपापुढं रात्रीत दुभाजक फोडून केलेले कट हीसुद्धा तीच गोष्ट. सहापदरी करताना सलग सर्व्हिस रोड आणि गावाच्या वाटेवरच बोगदा दिला तर निम्मी राँग साईड आपोआप जाईल. उरलेली निम्मी निव्वळ आळसाची, तिला दंड हाच इलाज.

निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या तवंदी घाटाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुण्याकडून गोव्याला जाणारे बरेच जण इथूनच उतरतात-चढतात. घाटात "ब्रेक फेल" झालेल्या लॉऱ्यांमध्ये बऱ्याच वेळा ब्रेक आधी चांगलेच असतात. डिझेल वाचवायला ड्रायव्हर न्यूट्रलवर गाडी सोडतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापून गुळगुळीत होतात आणि मग पाय खाली गेला तरी गाडी थांबत नाही. आमचे जुने लॉरीवाले सांगायचे, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. कारवाल्यांनाही तेच लागू. आणि उतारावर भरलेल्या लॉरीच्या पुढं जाऊन लगेच ब्रेक मारू नका, तिच्याकडं थांबायची सोय असेलच असं नाही.

कोंडीचं उत्तर वेगळं वाटेल, पण मुळात तेच आहे, नुसत्या रुंदीनं भागत नाही. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या जातात. वेग चाळीस असो की ऐंशी, आकडा फारसा हलत नाही, कारण वेग वाढला की अंतरही वाढवावं लागतं. म्हणजे पळवून गाड्या जास्त जात नाहीत, अडखळल्या नाहीत तर जास्त जातात. अडखळतात कुठं? चौकात, फाटकावर आणि दुकानापुढं लावलेल्या एका कारपाशी.

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर कधी उभे राहिलाय का? गेट पडलं की दुचाक्या डावीकडं भरतात, मग मधे, मग उजवीकडंही. पलीकडंही तोच प्रकार. गेट वर जातं तेव्हा दोन फौजा समोरासमोर, पानिपतच. रेल्वे जाते दोन मिनिटांत, गुंता सुटायला दहा. इथं रस्ता शंभर फुटी केला तरी तो शंभर फूट भरून उभे राहतील. गेटच्या दोन्ही बाजूंना पन्नासेक मीटर मधोमध दुभाजक उभा केला, की उजवीकडं शिरायची सोयच राहत नाही. पूल होईल तेव्हा होवो, दुभाजक आठवड्यात होतो. चन्नम्मा चौकातही तसंच, डावीकडं वळणाऱ्यांची वाट सरळ जाणारे अडवून उभे असतात आणि मागं रांग लांबते. गणपत गल्ली, खडेबाजारचं तर विचारूच नका. तिथं रस्ता पुरेसा आहे, पण सणासुदीला दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्या की मधे उरते ती बोळ.

पाट्यांबद्दल एक गोष्ट, सीमाभागातला आहे म्हणून सांगतो. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आमच्या दोन पिढ्या भांडण्यात गेल्या. त्यात मला पडायचं नाही. पण रस्त्यावरच्या खुणांना अक्षर लागतच नाही. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, निळी चौकोनी म्हणजे माहिती. माझ्याकडं तमिळनाडूतल्या नमक्कलचा लॉरीवाला येतो, राजस्थानचा येतो, दोघांना कन्नडही येत नाही आणि मराठीही. त्रिकोण मात्र समजतो, तो झाडाच्या फांदीत लपलेला नसेल किंवा त्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स नसेल तर. हंपचंही, म्हणजे गतिरोधकाचंही तसंच. कागदावर हंप १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, अलीकडं पाटी, वर पांढरे पट्टे. गावागावात अपघात झाला की लोक रात्रीत जो उभा करतात तो अरुंद, टेकाडासारखा आणि बिनरंगाचा. त्यावरून उडून पडलेले दुचाकीवाले मी पाहिलेत. वेग कमी करणारी गोष्ट आधी दिसली पाहिजे, नाहीतर तीही बिनदिव्याची ट्रॉलीच.

हेल्मेटवर लांबण लावत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ५०,०२९ दुचाकीवरची, डोक्यावर हेल्मेट नसलेली. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे. महाराष्ट्रातून येणारे पाव्हणे चंदगडहून, गडहिंग्लजहून निघतात आणि राज्याची हद्द ओलांडल्यावर पोलीस दिसला की टाकीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवतात. आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या बापांना एवढंच सांगतो, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला आहे, पोराला नाही.

अपघात समोर झालाच तर पळून जाऊ नका. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत, कायद्यातच तसं कलम घातलंय, १३४ अ. नाव सांगायचीही सक्ती नाही. शिवाय २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या आतले उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे, दवाखान्यात त्याबद्दल विचारा. हायवेवर असाल तर १०३३, नाहीतर ११२ किंवा १०८. फोनवर नुसतं "निपाणीच्या जवळ" म्हणू नका. हद्दीवर कुठल्या राज्याची गाडी येणार यातच वेळ जातो. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा आणि गाडी कुठल्या बाजूला तोंड करून आहे तेही सांगा, म्हणजे दुभाजकाच्या चुकीच्या बाजूनं ॲम्ब्युलन्स येणार नाही.

माझ्यापुरतं मी काय करतो तेही सांगून टाकतो. गेल्या सीझनला एक पोरगेला ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टरवर हे भलेमोठे दोन स्पीकर. म्हणाला, "अण्णा, टेप बंद पडलाय, तेवढा लावून द्या." म्हटलं, लावतो की. आणि रोल काढून आधी मागच्या ट्रॉलीच्या फळीवर लाल टेप मारला, मग बाजूला पिवळा. तो बघतच राहिला. म्हणाला, "ह्यो न्हवं ओ, गाण्याचा!" मी म्हटलं, ह्याच्याशिवाय तो वाजत नाही माझ्याकडं. गाण्याचे पैसे घेतले, फळीचे नाही घेतले. आता तो आपल्याबरोबर दुसऱ्यांनाही घेऊन येतो, अर्थात स्पीकरसाठीच.