हुतू आणि तुत्सी नाकावरून, उंचीवरून खरंच ओळखता येतात का?

हुतू, तुत्सी आणि त्वा हे आफ्रिकेतल्या रवांडातले तीन समाज. जुन्या मानवशास्त्रात तुत्सी म्हणजे उंच, सरळ नाकाचे, हुतू म्हणजे बुटके, बसक्या नाकाचे आणि त्वा सगळ्यांत ठेंगणे असे प्रकार पाडले होते, ते शास्त्रीय होते का, असं तुम्ही विचारलंय. नव्हते. आता नाकाचं सांगतो, कारण त्यात माझं नाक अडकलंय.

एम. ए.ला असताना प्रॅक्टिकलमध्ये एकमेकांची नाकं मोजायची होती. रुंदीला उंचीने भागायचं, शंभरने गुणायचं. ७०च्या आत आलं तर अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्यापुढे रुंद. माझ्या पार्टनरने कॅलिपर लावला : रुंदी ३४ मिलिमीटर, उंची ४९. म्हणजे ६९.४. अरुंद! मी खूश. चहा पिऊन आल्यावर सरांनी पुन्हा मोजायला लावलं, तर उंची भरली ४७. म्हणजे ७२.३. एका कटिंगमध्ये माझा प्रकार बदलला. उंची जिथून मोजायची ते नाकाचं मूळ कवटीवर हाडांच्या सांध्यावरून नेमकं दिसतं, पण जिवंत माणसाचं बोटाने चाचपून ठरवावं लागतं. दोन मिलिमीटर कुणाचेही सरकतात. मी हे जर्नलमध्ये लिहिलं. सरांनी लाल पेनाने काट मारली आणि तोंडी परीक्षेत सुनावलं, "चूक हाताची आहे, पद्धतीची नाही." २५ पैकी ९.

तेव्हा गप्प बसलो. आज बसणार नाही. रवांडात हुतू-तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच कुळांत सापडत, आपसांत लग्नं करत. पण स्पीक नावाच्या इंग्रज प्रवाशाने १८६३च्या पुस्तकात लिहून टाकलं की या भागातले गुरं राखणारे राज्यकर्ते उत्तरेकडून आलेला वेगळा वंश आहे. स्वारी रवांडात गेलीही नव्हती. पुढे रवांडावर राज्य करणाऱ्या बेल्जियन लोकांनी तेच उचललं, नाकं मोजली, १९३३-३४ मध्ये शिरगणती करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात छापली. ती बापाकडून मुलाकडे जायची. १९९४ मध्ये तुत्सींचा वंशसंहार झाला तेव्हा रस्तोरस्ती नाक्यांवर तीच ओळखपत्रं तपासून माणसं मारली. कागदावर हुतू असूनही निव्वळ तुत्सीसारखे दिसतात म्हणून काही जण गेले. सर, ही चूक कुणाच्या हाताची?

आणि हे मला आत्ता सुचलंय असं नाही. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकात बर्लिनला ऑयगन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाकडे पीएच.डी.ला होत्या. हा तोच फिशर, ज्याने १९०८ मध्ये आजच्या नामिबियात मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं त्याच्याच हाताखाली राहून लिहिलं. माझ्या सरांनी त्यांचा फोटो विभागात लावला होता. प्रबंध उघडला असेल असं वाटत नाही.

हां, एक राहिलं. सरासरी फरक अजिबात नव्हता असं मी म्हणत नाही. १९५०च्या सुमारास यर्नो या मानवशास्त्रज्ञाने मोजलं तेव्हा तुत्सी सरासरीने हुतूंपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर उंच भरले. त्वांच्या कमी उंचीतही आनुवंशिक भाग आहेच. पण सरासरी समोर उभ्या असलेल्या एका माणसाला लावता येत नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल तर प्रत्येक नाक दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे जर्नलमध्ये ठेवा. माझं ९ गुणांचं जर्नल अजून कपाटात आहे, हवं तर त्या पानाचा फोटो टाकतो.