इंग्लंडमध्ये जुनी ट्रायम्फ स्पिटफायर किंवा एमजी मिजेट, म्हणजे छप्पर उघडणारी दोन सीटांची छोटी गाडी, घ्यावी का? रोज चालवता येते का, देखभाल झेपते का?

प्रश्नकर्ते बर्मिंगहॅमला नोकरीला आहेत, बजेट बेताचं आहे, आणि प्रश्नाखाली त्यांनी एक ओळ जोडली आहे: "ऐकलंय की स्पिटफायरचं पुढचं चाक चालता चालता आपोआप मोडून पडतं, खरं का?" नुसता वरचा प्रश्न असता तर वाचून पुढे गेलो असतो. या ओळीमुळे लिहायला बसलो.

आपोआप काही मोडत नाही. माझ्याकडे १९७८ची स्पिटफायर १५०० आहे, बरीच वर्षं आहे, आणि तिची चारही चाकं जागेवर आहेत. चाक पडतं ते ट्रनियनमध्ये तेलाऐवजी ग्रीस मारल्यामुळे, नाहीतर काहीच न मारल्यामुळे.

या गाडीच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट आहे आणि खाली ट्रनियन. ट्रनियन म्हणजे ब्राँझचा एक ठोकळा, आतून आटे पाडलेला. चाक धरणारी पोलादी व्हर्टिकल लिंक त्या आट्यांत उतरलेली असते आणि स्टिअरिंग फिरवलं की चाक त्या आट्यांवरच वळतं. आत तेल असेल तर कितीही वर्षं चालेल. तेल नसेल तर पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आटे धरतात, आणि लिंक नेमकी आटे सुरू होतात तिथे तुटते. बहुतेक वेळा सावकाश जाताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. म्हणून जीव वाचतो, अब्रू जाते.

अब्रूचं सांगतो. स्पिटफायरचं हे सस्पेन्शन मुळात ट्रायम्फ हेरल्डचं. दोन्ही गाड्यांचं रूप इटलीच्या मिकेलॉतीने काढलेलं. हेरल्ड १९५९ची, स्पिटफायर १९६२ची. तीच हेरल्ड मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून १९६१ पासून निघायची, ९४८ सीसीचं इंजिन घालून. आमच्या अण्णांनी सत्तरच्या दशकात कोल्हापुरात एक वापरलेली घेतली. दोन दारांची, फिकट निळी. कॉलेजात शिकवणारा माणूस, गाडीबरोबर मिळालेलं हँडबुक त्यांनी परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की खालच्या ट्रनियनला गिअरचं जाड तेल द्यायचं, ग्रीस नाही. अण्णा सर्व्हिसिंगला गाडी नेत तेव्हा पुस्तक बरोबर नेत आणि पिटमधल्या पोराला ते पान दाखवत. पोरगा मान डोलवायचा आणि गाडी पिटवर चढली की हातात असलेल्या एकाच ग्रीसगनने सगळीकडे ग्रीस मारायचा. सर्व्हिस स्टेशनच्या मालकाचं म्हणणं, "सर, निपल लावून गननेच द्यायचं ना? मग गनमधून ग्रीसच येणार."

नानाकाकांच्या साखरपुड्याला आम्ही सगळे त्या हेरल्डमधून निघालो. शिवाजी पेठेतून राजारामपुरीला जायचं होतं. काका पुढे बसलेले, नवा कोट, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मिरजकर तिकटीला समोर एक हातगाडी आडवी आली, अण्णांनी वेग अगदी कमी करून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि खालून कड् असा आवाज आला. डावीकडचा कोपरा खाली बसला, चाक मडगार्डखाली आडवं झालं आणि गाडी एक गुडघा टेकलेल्या बैलासारखी चौकात थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तिकटीवर गर्दी जमायला कितीसा वेळ लागतो? "नवरदेवाची गाडी बसली" ही बातमी आमच्या आधी राजारामपुरीत पोचली. काका टांग्यातून साखरपुड्याला गेले. आजी आणि आत्या दुसऱ्या टांग्यातून. अण्णा आणि मी गाडीपाशी.

तुटलेला तुकडा घेऊन अण्णा दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. मीही बरोबर होतो. त्याने तो बोटात फिरवून पाहिला, आट्यांत वाळून खडा झालेलं ग्रीस नखाने खरवडलं आणि म्हणाला, "सर, आत वंगण पोचलंच नव्हतं. हे वरच्यावर बसलंय. खाली सगळा गंज." अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं. ऐकणार कोण? काकांचं मत चौकातच ठरलं होतं: गाडीच भिकार. दादाने पुस्तक वाचून गाडी घेतली, फियाट घ्यायला हवी होती. पुढे काकांनी स्वतः फियाट घेतली, आणि नंतर प्रत्येक लग्नात, बारशात, अण्णा निघाले की काका दारात उभं राहून, "दादा, चाक आहे ना रे?" अण्णांनी हेरल्ड पडत्या किमतीला काढली. काकांना त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. ते काम माझ्याकडे आलं.

इकडे कॉव्हेंट्रीजवळ राहायला आल्यावर स्पिटफायर घेतली त्यात हा सगळा हिशेब होताच, नाही कशाला म्हणू. गाडी इथलीच, कॅनलीच्या कारखान्यात झालेली. कारखाना गेला, तिथे आता बिझनेस पार्क आहे आणि त्यातल्या एका रस्त्याचं नाव हेरल्ड अव्हेन्यू. आणल्यावर पहिल्याच शनिवारी पुढची दोन्ही चाकं काढली. विकणाऱ्याने फाइल दाखवली होती, जाडजूड, दर वर्षी 'पुढचं सस्पेन्शन ग्रीस केलं' अशी नोंद. एका बाजूचा ट्रनियन उघडला तर आत तेच, उद्यमनगरात पाहिलेलं: वर पिवळट कडक ग्रीस, खाली तांबडा गंज. आटे अर्धे खाल्लेले. म्हणजे इंग्लंडात, गाडीच्या जन्मगावापासून तासाभराच्या अंतरावर, पैसे घेऊन काम करणारे लोक कोल्हापूरच्या त्या पोराइतकंच पुस्तक वाचतात.

फोटो काढून काकांना पाठवला. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे, व्हॉट्सॲपवर तरबेज. उत्तर आलं: "म्हणजे पन्नास वर्षांत सुधारणा नाही. तेलाऐवजी ग्रीस घातलं म्हणून जिचं चाक पडतं ती गाडी आपल्या रस्त्यांसाठी नव्हतीच. मी वेगळं काय म्हणत होतो?"

यात तथ्य नाही असं नाही. पुढे मद्रासवाल्यांनीच हेरल्डनंतरची गॅझेल काढली तेव्हा मागचा स्विंग ॲक्सल, म्हणजे मागची चाकं वेगवेगळी वरखाली झुलवणारा, काढून साधा सरळ ॲक्सल घातला, कारण आपल्याकडच्या मिस्त्रींना तो प्रकार मानवला नाही. पण लोटस कंपनी काढणाऱ्या कोलिन चॅपमनच्या लोटस एलान या स्पोर्ट्सकारलाही पुढे हीच ट्रायम्फची व्हर्टिकल लिंक आणि हाच ट्रनियन आहे. एलान ज्यांनी चालवली त्यांना विचारा तिचं स्टिअरिंग कसं होतं. हलक्या गाडीत प्रत्येक भाग मोजूनमापून केलेला असतो, त्याला जे हवं ते द्यावं लागतं. काकांना हलकी गाडी नको होती, ट्रक हवा होता. तसं म्हणायला हवं होतं.

आता तुमचा प्रश्न. गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि क्रोम बघू नका, खाली वाका. हेरल्डच्या चासीला बाजूचे दांडे होते. स्पिटफायरमध्ये ते काढून टाकले, म्हणून दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पोकळ उंबरे, हेच गाडीचा कणा आहेत. सिल कुजले की गाडी मधून वाकते आणि दारं नीट लागत नाहीत. दाराची फट वर एक आणि खाली एक दिसली तर चहा पिऊन परत या. सिल बदलायला पत्र्यापेक्षा मजुरीच जास्त लागते, आणि तुमचं बजेट तिथेच संपेल. मग दुसऱ्या कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढे क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीकडे बघा. पुली पुढेमागे सरकताना दिसली तर थ्रस्ट वॉशर, क्रँकला जागेवर धरणाऱ्या चकत्या, गेलेत. ते निखळून खाली पडले असतील तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब. हे दोन्ही ठीक असेल तर बाकी सगळं सोसवतं, सुटे भाग अजून नवे मिळतात आणि स्वस्त मिळतात. ट्रनियन तर फारच स्वस्त. फक्त डावा आणि उजवा वेगळा असतो, आट्यांची दिशा उलट असते, तेव्हा मागवताना बघून मागवा.

काम करायला हिच्याइतकी सोपी गाडी नाही. अख्खं नाकच बॉनेट म्हणून पुढे उलटं उघडतं, तुम्ही पुढच्या टायरवर बसून कार्ब्युरेटर लावू शकता. माझी बायको म्हणते, गाडी चालवण्यापेक्षा तू तिच्यावर बसलेलाच जास्त दिसतोस.

मिजेटही चांगली. १९७४ नंतरच्या मिजेटमध्ये स्पिटफायरचंच १४९३ सीसीचं इंजिन आहे, तेव्हा दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवतात ते पोकळ आहे. उंच असाल तर स्पिटफायर घ्या, मिजेटमध्ये गुडघे स्टिअरिंगला लागतात. आणि गल्लीत वळवायची असेल तर स्पिटफायरच: चोवीस फुटांत पूर्ण वळते, लंडनची टॅक्सी बघत राहील. अर्थात इतकं चाक वळतं म्हणूनच ट्रनियनला तेल हवं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर, असलेलीच शोधा. तो नसेल तर मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना इंजिन पावणेचार-चार हजार फेऱ्यांवर ओरडत राहतं आणि या १५०० इंजिनाच्या बेअरिंगांना ते आवडत नाही. इंजिन एकाहत्तर हॉर्सपॉवरचं. शेजारची कोणतीही हॅचबॅक सिग्नलला तुम्हाला मागे टाकेल. टाकू दे. चाळीसच्या वेगात, छप्पर खाली, वळणावळणाच्या बी-रोडवर, म्हणजे आडरस्त्यावर, ही गाडी काय करते ते हॅचबॅकवाल्याला कळणार नाही.

१९७० च्या आधीची घेऊ नका. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की त्यांचा मागचा ॲक्सल चाक आत दुमडतो आणि शेपूट सुटते. मार्क फोर या चौथ्या आवृत्तीपासून मागचा आडवा पाटा (स्प्रिंग) बदलला, तिथून पुढे बरंच सुधारलं.

रोज ऑफिसला? उन्हाळ्यात हो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडलं की झाकून ठेवा. पेट्रोल ई-फाइव्ह (इथेनॉल जास्तीत जास्त पाच टक्के) भरा. २०२१ पासून साधं पेट्रोल ई-टेन (दहा टक्क्यांपर्यंत) झालंय, ते जुन्या रबरी नळ्या खातं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि एमओटी, म्हणजे दर वर्षीची सरकारी तपासणी, तीही सक्तीची नाही, पण एमओटी करून घ्याच. खर्चाचा आकडा विचारलात, तो देत नाही. स्वतः हात काळे करणार असाल तर झेपेल. प्रत्येक गोष्टीला गॅरेज गाठणार असाल तर माझ्या फाइलचा किस्सा वर वाचलातच.

दोन ग्रीसगन घ्या. एकीत ग्रीस, दुसरीत ईपी ९०, म्हणजे गिअरचं जाड तेल, आणि दुसरीला लाल टेप गुंडाळा. वर्षातून दोनदा पुढचा भाग जॅकवर उचलून, ट्रनियनचा प्लग काढून, निपल लावून वरून ताजं तेल बाहेर येईपर्यंत मारा. मग निपल काढून प्लग परत. अर्ध्या तासाचं काम.

हे सगळं म्हणताना एवढंही सांगतो की खालचं सील गेलं असेल तर तेल टिकत नाही, गळून जातं. म्हणून काही जुनेजाणते लोक अर्धपातळ ग्रीस वापरतात आणि त्यांच्या गाड्याही चालतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. सील बदलणं जास्त बरं, एवढंच. शिवाय या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि बाजूने कोणी धडकलं तर मध्ये फक्त एक पातळ दार आहे. घरी लहान मूल असेल तर विचार करा, सीटही दोनच आहेत.

आणि बाळ्या, तू हे वाचून काकांना दाखवणारच, तेव्हा त्यांना माझ्याकडून एवढं विचार: तुमच्या फियाटच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस लागायचं. तिथे त्या पोराने दर सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल घातलं असतं तर काकूंच्या माहेरी तुम्ही कशातून गेला असता?