खडी, चिखल आणि काटेरी फांद्या : गाडीच्या रंगाला कोणते कवच द्यावे?

प्रश्न : मी नुकतीच नवी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली असून तिचा वापर मुख्यतः खडीच्या रस्त्यांवर, ओढ्यानाल्यांतून आणि झुडपांमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर होतो. कंपनीचा पांढरा रंग बदलून मॅट हिरवा करावा, अशी माझी इच्छा आहे. एका कारागिराने सांगितले की व्हिनायल रॅप लावल्यास रंगही बदलेल आणि मूळ रंगाचे रक्षणही होईल. दुसऱ्याने मात्र संपूर्ण गाडीला पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ, लावण्याचा आग्रह धरला. दोन्ही एकदम करण्याचा खर्च मला पेलणारा नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : व्हिनायल रॅपमुळे रंग बदलतो, हे खरे आहे, पण खडी आणि काट्यांपासून रक्षण करण्याची त्याची ताकद फार थोडी आहे. रॅप हा पीव्हीसीचा पातळ पापुद्रा असतो आणि चांगल्या प्रतीच्या रॅपची जाडी चिकटद्रव्य धरूनही साधारण ८० ते १०० मायक्रॉन भरते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पीपीएफ थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते आणि तिची जाडी बहुधा १५० ते २५० मायक्रॉनच्या दरम्यान असते. कारखान्यात दिलेल्या रंगाचे सगळे थर मिळून सर्वसाधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन होतात आणि त्यातला सर्वांत वरचा क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो पदार्थाचा स्वभाव. पॉलियुरेथेन ताणले जाते, आघात अंगावर घेते आणि पुन्हा पूर्वस्थितीला येते. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूच्या माऱ्याने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म आधी तिथे वापरली गेली आणि मोटारींवर ती नंतर आली, यावरून तिचे मूळ काम ध्यानात यावे. वेगाने आलेला खडा रॅपला भोक पाडून खालच्या रंगाचा टवका उडवू शकतो. तोच खडा पीपीएफवर आदळला तर पुष्कळदा फिल्मवर एक बारीक खूण राहते आणि रंग शाबूत राहतो. फांद्यांच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. सुकी काटकी मॅट रॅपवर घासली की तिथे उमटलेली रेघ कायमची राहते, कारण मॅट पृष्ठभागाला पॉलिश करता येत नाही. पीपीएफच्या वरच्या लेपावर पडलेले हलके ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. खोल चीर मात्र कोणत्याही उष्णतेने बुजत नाही आणि ‘आपोआप बरी होणारी फिल्म’ असे सांगणाऱ्याने हेही सांगायला हवे.

आता दुसऱ्या कारागिराच्या आग्रहाविषयी. संपूर्ण गाडीला पीपीएफ लावणे चूक नाही, परंतु खर्चाला मर्यादा असेल तर ते आवश्यकही नाही, कारण मार सगळीकडे सारखा बसत नाही. बंपर, बॉनेटचा पुढचा भाग आणि समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब यांना पुढच्या वाहनाने उडवलेली खडी लागते. त्याहून अधिक नुकसान आपलीच चाके करतात : पुढची चाके दारांच्या खालच्या भागावर खडे फेकत राहतात आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे फुगीर झालेला मडगार्डचा भाग तर सतत त्यांच्या माऱ्यात असतो. रुंद टायर बसवले असतील आणि ते चाकाच्या कमानीबाहेर डोकावत असतील, तर हा मारा आणखी वाढतो. झुडपांच्या वाटेवर आरसे, पुढच्या मडगार्डच्या बाजू आणि दारांचा मधला पट्टा खरडला जातो. दारांच्या मुठींमागच्या खोलगट वाट्यांत नखांचे आणि अंगठीचे ओरखडे जमतात, तर मागच्या दाराच्या उंबऱ्यावर सामान चढवताना रंग निघतो. छपराला मात्र, कॅरियरचे पाय टेकतात ती जागा सोडली तर, फारसे काही होत नाही.

म्हणून तुमच्या वाटा पाहता मी आधी एवढ्याच भागांना पीपीएफ लावून घेण्याचा सल्ला देईन आणि रंगबदल तूर्त पुढे ढकलीन. मॅट रूपाचीच ओढ असेल तर पारदर्शक मॅट पीपीएफही मिळते. मात्र ती काही भागांनाच लावली तर चमकत्या रंगाशेजारी वेगळी दिसते, त्यामुळे ती संपूर्ण गाडीलाच शोभते. हिरव्या रंगावरच मन बसले असेल तर रंगीत पीपीएफचा विचार करावा. तिच्यात छटांची निवड व्हिनायलपेक्षा कमी असते, पण रंग आणि संरक्षण एकाच थरात मिळते. व्हिनायलवर वरून पीपीएफ लावण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो अशक्य नाही. परंतु खालचा रॅप लवकर संपणार असल्यामुळे वरच्या महाग फिल्मचे आयुष्यही त्याच्याबरोबर संपते, म्हणून तो मला पटत नाही.

एवढे सगळे जाणूनही व्हिनायलच घ्यायचे ठरवलेत, तर काही वर्षांनी बदलायचे आवरण म्हणूनच त्याच्याकडे पाहा. दारांसाठी आणि मडगार्डसाठी त्याच रोलचा जादा तुकडा कारागिराकडून आधीच मागून ठेवावा, कारण वेगळ्या रोलची छटा थोडी वेगळी निघू शकते. गाडीच्या नोंदणीत रंग लिहिला जात असेल, तर बदल कळवणे आवश्यक आहे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही कारागिरांनी सांगितलेली दिसत नाही. कोणतीही फिल्म पत्र्याला पोचा येण्यापासून वाचवत नाही. दारांखालचा सिल खडकावर टेकण्याची शक्यता असेल, तर तिथे चॅसीला जोडलेला मजबूत रॉक स्लायडर, म्हणजे खडकाचा मार झेलणारा धातूचा दांडा, हवा आणि चाकांमागे पुरेशा रुंदीचे मडफ्लॅप हवेत. मडफ्लॅपमुळे फिल्मचे आयुष्यही वाढते, म्हणून मी त्यांचा खर्च फिल्मच्या आधी करीन.

प्रश्न : बाजारात दिसायला अगदी सारख्या अनेक फिल्म असतात. त्यांतली चांगली कोणती, हे सामान्य ग्राहकाने कसे ओळखावे?

उत्तर : व्हिनायलमध्ये ‘कास्ट’ आणि ‘कॅलेंडर्ड’ असे दोन प्रकार असतात. कास्ट फिल्म द्रवरूप मिश्रण पसरून आणि भाजून तयार होते, त्यामुळे तिच्यात ताण साठलेला नसतो आणि ती वळणावळणांवर नीट बसून राहते. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रुळांमधून दाबून आणि ओढून काढतात. तो ताण तिच्या अंगात राहतो आणि काही काळाने ती आकसून कडांपासून मागे सरकते. सपाट फलकाला ती चालते, पण मडगार्डच्या फुगवट्यावर आणि बंपरच्या खाचांमध्ये तिचा उपयोग करू नये.

पीपीएफच्या नावाखाली पीव्हीसीवर आधारलेल्या फिल्मही विकल्या जातात आणि त्यांतल्या काहींवर ‘टीपीएच’ असे लिहिलेले असते. नवी असताना अशी फिल्म छान चमकते. पुढे ती कडक होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. खऱ्या पॉलियुरेथेनमध्येही ॲलिफॅटिक प्रकारचेच घ्यावे, कारण ॲरोमॅटिक प्रकार अतिनील किरणांमुळे पिवळा पडतो. दुकानात नमुन्याचा तुकडा मागा आणि दोन्ही हातांनी ताणून सोडा : चांगले पॉलियुरेथेन रबरासारखे परत येते, तर पीव्हीसी बऱ्याच अंशी ताणलेलेच राहते. नंतर त्या तुकड्यावर पितळी ब्रशने हलके ओरखडे काढून गरम पाणी ओतायला सांगा. उत्पादकाची लेखी हमी वाचताना बॉनेट आणि छप्पर यांसारख्या आडव्या पृष्ठभागांसाठी वेगळी मुदत दिली आहे का, हे अवश्य पाहा. ऊन थेट झेलणाऱ्या या भागांना, विशेषतः व्हिनायलच्या बाबतीत, पुष्कळदा कमी वर्षांची हमी असते.

प्रश्न : माझी गाडी जुनी आहे. एका दाराला पुन्हा रंग दिलेला असून मागच्या मडगार्डवर टवके उडालेल्या जागी थोडा गंज दिसतो. रॅप लावल्याने हे सर्व झाकले जाईल का?

उत्तर : झाकले जाईल, पण थांबणार नाही. फिल्मखाली अडकलेला ओलावा गंजाला पोसतो आणि आत काय चालले आहे, हे तुम्हाला वरून दिसणार नाही. शिवाय गंजलेल्या खडबडीत जागी चिकटद्रव्य धरत नाही आणि टवक्याचा प्रत्येक खड्डा पातळ रॅपमधून उठून दिसतो. आधी गंज खरवडून शुद्ध धातूपर्यंत जावे, प्रायमर आणि रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ताज्या रंगातून द्रावकाची वाफ काही आठवडे निघत राहते. अशा रंगावर फिल्म घातली तर खाली बुडबुडे येतात. रंगाच्या उत्पादकाने सांगितलेली मुदत पाळावी आणि ती माहीत नसेल तर निदान महिनाभर थांबावे.

पुन्हा रंगवलेल्या दाराची जोखीम मात्र तुम्हाला स्वीकारावीच लागेल. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो आणि फिल्म काढताना सहसा टिकतो. नंतर दिलेल्या रंगाखालची तयारी कच्ची राहिली असेल, तर फिल्मबरोबर रंगाचा पापुद्राही निघू शकतो. हे कारागिराला आधीच सांगावे आणि त्या दारासाठी चिकटद्रव्याची पकड सौम्य असलेली फिल्म मिळते का, हे विचारावे.

प्रश्न : फिल्मऐवजी गाडीच्या खालच्या अर्ध्या भागाला पिकअपच्या हौद्यात वापरतात तसा खरबरीत लेप दिला तर? काही जण सिरॅमिक कोटिंगही सुचवतात.

उत्तर : पॉलियुरियाचा किंवा पॉलियुरेथेनचा तो लेप खडकाळ वाटेवर फिल्मपेक्षा खूपच दणकट ठरतो आणि सिल, चाकांच्या कमानी व बंपर यांच्यासाठी मी तो मोकळेपणाने सुचवीन. मात्र तो देण्यापूर्वी मूळ रंग घासून खरबरीत करावा लागतो आणि एकदा दिलेला लेप घासून काढल्याशिवाय निघत नाही, म्हणजे हा निर्णय कायमचा असतो. दारांच्या वरच्या भागावर तो देऊ नये. सिलच्या खालच्या बाजूला पाणी वाहून जाण्यासाठी असलेली छिद्रे लेपाने बुजली, तर सिल आतून कुजू लागतो. काम ताब्यात घेताना ती छिद्रे स्वतः वाकून पाहावीत. काळ्या, खरबरीत प्लास्टिकच्या पट्ट्यांना फिल्म नीट चिकटत नाही, त्यामुळे त्या तशाच ठेवाव्यात.

सिरॅमिक कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. त्यामुळे चिखल लवकर सुटतो, पण खडा किंवा काटा थांबत नाही. अशा कोटिंगच्या जाहिरातींत दिसणारा ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीने ओरखडे काढून पाहण्याच्या कसोटीवरचा आहे. त्यावरून दगडाला टिकणारा कठीणपणा गृहीत धरू नये.

प्रश्न : पीपीएफ लावून काही महिने झाले. दारांच्या कडेला तपकिरी रेघ दिसू लागली आहे आणि एका कोपऱ्यात फिल्म उचलली गेली आहे. धुण्यात माझे काही चुकते का?

उत्तर : तपकिरी रेघ म्हणजे फिल्मच्या कडेशी उघड्या राहिलेल्या चिकटद्रव्याला लागलेली धूळ. मऊ कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेच्या दिशेने हलके पुसल्यास ती बहुतेक निघते. उचललेला कोपरा मात्र हीट गनने तापवून दाबू नका, कारण त्याखाली गेलेले वाळूचे कण तसेच राहतात आणि दाबल्यावर रंगालाच घासतात. कारागिराकडून तेवढा भाग सुबक गोलाई देऊन कापून घ्यावा किंवा पट्टा बदलून घ्यावा. त्याला हेही विचारावे की कडा दाराच्या आत वळवल्या होत्या की पत्र्याच्या टोकाशी कापल्या होत्या. चिखलात जाणाऱ्या गाडीला, जिथे जागा मिळेल तिथे, कडा आत वळवलेल्याच हव्यात. कापणी गाडीवर पात्याने केली असेल तर क्लिअर कोटवर चिरा पडलेल्या नाहीत ना, हे तिरप्या प्रकाशात पाहावे. संगणकावर आधी कापलेले पट्टे किंवा फिल्म कापणारी दोरीची टेप वापरणारा कारागीर मी केव्हाही पसंत करीन.

धुण्याविषयी मुख्य गोष्ट अशी की वाळलेला चिखल कधीही कोरड्या कापडाने पुसू नये, कारण त्यातली वाळू पॉलिश-कागदाचे काम करते. आधी सौम्य धारेने तो भिजू द्यावा, चाकांच्या कमानींतला गाळ काढावा आणि मगच साबणाचे पाणी व धुण्याचा मऊ हातमोजा वापरावा. प्रेशर वॉशरचे रुंद फवाऱ्याचे नोझल पृष्ठभागापासून किमान ३० सेंटिमीटर दूर आणि काटकोनात धरावे, दाब २००० पीएसआयच्या खाली ठेवावा. बहुतेकांची चूक होते ती कोनात : दाराच्या फटीतला चिखल काढण्यासाठी धार तिरपी धरली की पाणी सरळ कडेखाली शिरते आणि फिल्म सोलून काढते. तुमचा कोपरा बहुधा असाच उचलला गेला असावा.

जेरीकॅनमधून भरताना सांडलेले इंधन, झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा आणि पुढच्या भागावर चिकटलेले किडे शक्य तितक्या लवकर धुऊन टाकावेत. फिल्म मॅट असेल तर तिच्यावर मेण किंवा पॉलिश लावू नये, नाहीतर चमकदार डाग पडतात. नवा पट्टा बसवून घेतल्यानंतर पहिला आठवडाभर गाडी धुऊ नका आणि पाण्यातूनही नेऊ नका. त्याखाली दिसणारे पाण्याचे लहान फुगे पुढच्या काही आठवड्यांत आपोआप सुकतात, त्यांना सुईने टोचण्याची गरज नसते.