कोंब आणि १९०५ चा कायदा: श्रेय नेमकं कुणाचं?

तुमचा लेख वाचला; त्यासोबत तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पाद्री व्हायला निघालेला एमिल कोंब, १९०२ ते १९०५ चा फ्रान्सचा पंतप्रधान, चर्चच्या मुळावर का उठला, आणि फ्रान्समध्ये चर्च आणि राज्य वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्याचा जनक त्यालाच म्हणायचं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही म्हणायचं. कायदा ९ डिसेंबर १९०५ चा, आणि कोंबचं सरकार त्याच वर्षी जानेवारीत गेलं होतं. पण प्रश्न नुसता तारखांचा नाही. कोंबच्या मनात जे होतं आणि कायद्यात जे उतरलं, त्यात बरंच अंतर आहे.

कोंबचा जन्म १८३५ चा, दक्षिणेकडच्या तार्न भागातल्या रोककूर्ब गावात. बाप शिंपी, घरात खाणारी तोंडं भरपूर. नात्यातल्या एका पाद्रीने हे हुशार पोरगं हेरलं आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. अशा घरातल्या मुलासाठी तेव्हा शिकायचा सोपा रस्ता सेमिनरीतूनच, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेतूनच जायचा. कोंब कास्त्रला शिकला, मग आल्बीच्या मोठ्या सेमिनरीत गेला. तिथे वरिष्ठांना वाटलं की याला खरी ओढ नाही, आणि दीक्षा राहिली. तरी गडी लगेच तुटला नाही. नीममध्ये असम्प्शनिस्ट या कॅथलिक साधूंच्या संघाच्या कॉलेजात शिकवलं आणि १८६० मध्ये मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनसच्या मानसशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. पुढे पाँसच्या कॅथलिक कॉलेजात नोकरी, मग लग्न, मग वैद्यकीचा अभ्यास. १८६८ पासून तो पाँसमध्ये गावचा डॉक्टर. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेचा सदस्य झाला, रिपब्लिकन म्हणजे प्रजासत्ताकवादी राजकारणात पडला, चाळीसहून जास्त वर्षं तिथला नगराध्यक्ष राहिला, १८८५ मध्ये सिनेटर झाला.

'सेमिनरीने नाकारलं म्हणून सूड उगवला' ही गोष्ट त्याच्या विरोधकांना फार आवडायची. मला ती पटत नाही. नाकारल्यानंतर पाच-सात वर्षं हा माणूस कॅथलिक शाळांतच पोट भरत होता आणि अक्वायनस वाचत होता. शिवाय देवाला त्याने कधीच सोडलं नाही. २६ जानेवारी १९०३ ला पंतप्रधान असताना त्याने संसदेत सांगितलं, की चर्च देतं ती नैतिक शिकवण सध्या तरी गरजेची आहे, शतकानुशतकांचे संस्कार एका मतदानाने पुसता येत नाहीत. गोंधळ घातला तो त्याच्याच डाव्या बाकांनी. त्यांना वाटायचं आपला म्होरक्या नास्तिक आहे.

मग त्याने एवढं काय केलं? त्यासाठी ड्रेफस प्रकरण, म्हणजे ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफसला देशद्रोहाच्या खोट्या आरोपात शिक्षा झाल्याचं प्रकरण, लक्षात घ्यावं लागतं. धर्मसंघांच्या वर्तमानपत्रांनी, त्यातही असम्प्शनिस्टांच्या 'ला क्रुआ'ने, ज्यूंविरुद्ध इतकी आग ओकली होती की रिपब्लिकनांना हे संघ राज्यालाच धोका वाटू लागले. तेव्हाचा पंतप्रधान वाल्देक-रूसो याने १ जुलै १९०१ चा संस्थांचा कायदा आणला: कुणीही संस्था काढावी, पण धार्मिक संघांना परवानगी लागेल. जून १९०२ मध्ये कोंब पंतप्रधान झाला. गृहखातं आणि धर्मखातं दोन्ही त्याने स्वतःकडे ठेवली, आणि याच कायद्याचा दंडुका केला. त्या उन्हाळ्यात अडीच हजारांहून जास्त शाळा बंद झाल्या. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात गावकरी नन्सच्या शाळांभोवती कडं करून उभे राहिले, पोलिसांवर घाण फेकली. पुढच्या वर्षी परवानगीचे जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले गेले. एप्रिल १९०३ मध्ये ग्रांद शार्त्रझच्या मठातून सैनिकांनी साधूंना बाहेर काढलं. ते त्यांच्या प्रसिद्ध मद्याची कृती घेऊन स्पेनमधल्या तारागोनाला गेले. ७ जुलै १९०४ च्या कायद्याने धर्मसंघांना शिकवण्याचीच बंदी झाली. खुद्द वाल्देक-रूसो सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला, की मी नियंत्रणासाठी केलेला कायदा तुम्ही हकालपट्टीसाठी वापरताय.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं करताना कोंब १८०१ च्या नेपोलियनच्या कराराच्या चौकटीत होता. त्या करारानुसार बिशप सरकार नेमायचं, पोप त्यांना मान्यता द्यायचे आणि पाद्रींचा पगार सरकारी तिजोरीतून जायचा. कोंबला ही व्यवस्था मोडायची घाई नव्हती, कारण पगार देणाऱ्याला पगार अडवताही येतो. ब्रिटनीत ब्रेटन भाषेत धर्मशिक्षण देणाऱ्या पाद्रींचे पगार त्याने खरोखरच थांबवले. चर्चला मोकळं सोडण्यापेक्षा मुठीत ठेवणं त्याला बरं वाटायचं. १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लूबे इटलीच्या राजाला भेटायला रोमला गेले, पोप दहावे पायस संतापले, त्यात दोन फ्रेंच बिशपांचं प्रकरण चिघळलं आणि जुलैअखेर व्हॅटिकनशी संबंध तुटले. त्यानंतर कुठे कोंब विभक्ततेकडे वळला. त्याने आणलेला मसुदाही त्याच्या स्वभावाला साजेसाच: उपासनेसाठी स्थापलेल्या संस्थांना एका जिल्ह्यापलीकडे संघ करता येणार नव्हता. चर्चची एकसंध रचनाच त्यात मोडली असती. प्रॉटेस्टंटही त्यावर नाराज झाले.

ते विधेयक पुढे गेलंच नाही, कारण मध्येच कार्डांचं प्रकरण फुटलं. युद्धमंत्री जनरल आंद्रेच्या कार्यालयाने ग्रां ओरियां या फ्रीमेसन संघटनेच्या मदतीने लष्करी अधिकाऱ्यांची कार्डं तयार केली होती. कोण मासला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जातो, कुणाची मुलं पाद्रींच्या शाळेत आहेत, असल्या नोंदी. दोन वह्या होत्या, 'कॉरिन्थ' आणि 'कार्थेज'. पहिलीत नाव असलं तर बढती, दुसरीत असलं तर वर्षानुवर्षं तिथेच. २८ ऑक्टोबर १९०४ ला हे संसदेत वाचून दाखवलं गेलं. आठवड्याभरात एका विरोधी खासदाराने भर सभागृहात आंद्रेच्या थोबाडीत मारली. त्या थपडेने मंत्र्याला सहानुभूती मिळाली आणि सरकार तात्पुरतं वाचलं, पण जानेवारीत कोंबने राजीनामा दिला. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सरकारने लोकांची उपासना वह्यांत टिपून ठेवावी, हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात लाजिरवाणं पान वाटतं.

कायदा घडवला तो खासदार आरिस्तीद ब्रियांने. कायद्यासाठीच्या संसदीय समितीचा अध्यक्ष फेर्दिनां ब्युइसाँ होता आणि पाठीशी समाजवादी नेता जाँ जोरेस. ब्रियांला भांडण मिटवायचं होतं. पहिलं कलम सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं. दुसरं सांगतं की प्रजासत्ताक कुठल्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. खरी झुंज चौथ्या कलमावर झाली. चर्चच्या इमारती ज्या संस्थांकडे जातील त्यांनी आपापल्या पंथाच्या रचनेचे सर्वसाधारण नियम पाळले पाहिजेत, असं त्यात घातलं, म्हणजे बिशपांची उतरंड मान्यच केली. क्लेमांसोसारखे कडवे चर्चविरोधी राजकारणी यावर चिडले. ३ जुलै १९०५ ला कनिष्ठ सभागृहात ३४१ विरुद्ध २३३ मतांनी कायदा मंजूर झाला. पोपनी फेब्रुवारी १९०६ मध्ये तरीही त्याचा निषेध केला, तो भाग वेगळा.

जाता जाता गोव्याच्या मंडळींसाठी: पोर्तुगालमध्ये १९१० ला प्रजासत्ताक आलं आणि त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले. पण एप्रिल १९११ चा तिथला विभक्ततेचा कायदा वाचलात तर त्याचा सूर ब्रियांपेक्षा कोंबच्या जवळचा वाटेल.

कोंब १९१५ मध्ये पुन्हा मंत्री झाला, बिनखात्याचा, आणि तोही ब्रियांच्या युद्धकालीन सरकारात. मे १९२१ मध्ये पाँसमध्येच गेला. तुमचा लेख म्हणतो की कायदा 'संपूर्ण फ्रान्सला' लागू आहे, तेवढं मात्र दुरुस्त करून घ्या. १९०५ साली अल्सास आणि मोझेल जर्मनीकडे होते. ते परत आल्यावरही तिथे नेपोलियनचाच करार चालू ठेवला. आजही स्ट्रासबुर आणि मेसच्या बिशपांची नेमणूक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीने होते, आणि तिथल्या पाद्रींचा, पास्टरांचा आणि रब्बींचा पगार सरकार देतं.