इटालियन चित्रपटसंगीताच्या रेकॉर्ड: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात रोमच्या रविवारच्या बाजारात मिळालेल्या एका एलपीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. मी एकवीस वर्षं रोममध्ये राहते आणि त्यातली सतरा वर्षं साठ-सत्तरच्या दशकांतल्या इथल्या चित्रपटांचं संगीत जमवते आहे. घरात चारशेच्या आसपास रेकॉर्ड आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त नव्यानं काढलेल्या, म्हणजे रिइश्यू आहेत. हे आधीच सांगते, कारण पहिलं पत्र नेमकं त्यावरच आहे.

माझ्याकडे जुन्या हिंदी चित्रपटांच्या सहाशे एलपी आहेत. आम्हा संग्राहकांत एक नियम आहे: पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्या छपाईची प्रत, तेच खरं. आता मोरिकोने आणि नीनो रोता हे इटालियन संगीतकार ऐकायला लागलोय. रिइश्यू घ्यावेत, की मूळ प्रत मिळेपर्यंत थांबावं? (एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

अजिबात थांबू नका. तुमचा नियम आपल्याकडच्या रेकॉर्डना शोभतो, कारण आपल्याकडे चित्रपटाची एलपी दुकानात विकायलाच निघायची. गाणी गाजली की रेकॉर्ड खपायची. रोममधला व्यवहार निराळा होता. इथल्या चित्रपटांत गाणी थोडी आणि वाद्यसंगीत जास्त. त्याचे हक्क सी.ए.एम., बीट, चिनेवॉक्स अशा संगीत प्रकाशकांकडे असत. ते संगीत रेडिओ-टीव्हीवर वाजलं की सिआए या हक्कसंस्थेमार्फत पैसे येत, आपल्याकडे आयपीआरएस करते तसे. म्हणून पुष्कळदा मोजक्याच प्रती काढायच्या आणि त्या रेडिओ-टीव्हीवाल्यांकडे आणि चित्रपट व्यवसायातल्या लोकांकडे धाडायच्या, अशी रीत होती. त्या प्रती दुकानात आल्याच नाहीत. ज्याला तुम्ही पहिलं प्रेसिंग म्हणता, ते इथं कित्येकदा विकण्यासाठी काढलेलंच नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कित्येक चित्रपटांची एलपी कधी निघालीच नाही. पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी, एक छोटी रेकॉर्ड निघायची, दोन बाजूंना दोन धुना, संपलं. बाकीचं संगीत टेपवर, टेप डब्यात आणि डबा कपाटात. चाळीस-पन्नास वर्षांनी कुणीतरी तो डबा उघडला, टेप वाजवून पाहिली आणि त्यातून रेकॉर्ड काढली, तर तिला आपण रिइश्यू म्हणतो खरं, पण त्या संगीताचं ते पहिलंच प्रकाशन असतं. सी.ए.एम.चा संग्रह आज मिलानच्या शुगर या कंपनीकडे आहे. त्यात दोन हजारांहून जास्त चित्रपटांचं संगीत आहे. मोरिकोने जुलै २०२० मध्ये गेले आणि त्याच वर्षी याच संग्रहातून ‘मोरिकोने सेग्रेतो’ हा अल्बम निघाला. त्यातल्या काही रचना तोवर कधी प्रकाशितच झाल्या नव्हत्या. तिथं मूळ प्रतीची वाट बघून काय मिळणार?

अपवाद आहेत, आणि ते ओळखायला सोपे आहेत. जे खूप खपलं, त्याच्या जुन्या प्रती आजही मिळतात. गोब्लिन या बँडचं १९७५ चं ‘प्रोफोंदो रोस्सो’ इटलीत तुफान खपलं होतं. रोताचं फेलिनी या दिग्दर्शकाच्या चित्रपटांचं संगीतही तसंच घरोघरी होतं. ही मात्र जुनी, स्वच्छ प्रत दिसली तर जरूर घ्या.

रिइश्यू चांगला आहे हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? कव्हरवर ‘१८० ग्रॅम’ लिहिलंय म्हणजे आवाज चांगला, असं धरायचं का? (नागपूर)

वजनाचा आवाजाशी फारसा संबंध नाही. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड रेकॉर्ड हाताला छान लागते आणि कमी वाकते, पण खाचेत काय कोरलंय ते वजनानं बदलत नाही. रंगाचंही तेच. चित्र छापलेल्या रेकॉर्ड मात्र मी घेत नाही, त्यांत खरखर जास्त असते.

विचारायचा प्रश्न एकच: आवाज कुठून घेतला?

हे मला कसं कळलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी १९७० च्या एका रहस्यपटाचा रिइश्यू घेतला. देखणं जाडजूड कव्हर, आत पोस्टर. त्याच चित्रपटाची पंचेचाळीसची जुनी रेकॉर्ड माझ्याकडे होती. संध्याकाळी दोन्ही एकामागून एक लावल्या. मुख्य धुनेत झांजेचा एक ठोका आहे. जुन्या रेकॉर्डवर तो पडतो आणि मग त्याची झिणझिण हळूहळू विरत जाते, तिच्यात मागच्या व्हायोलिनचा सूर मिसळतो. नव्या रेकॉर्डवर झांज पडते आणि अर्ध्या सेकंदात तुटते, कुणी तिच्यावर हात ठेवल्यासारखी. मी सीडी काढून लावली. तिच्यावरही झांज तिथंच तुटत होती. सीडी करताना टेपची सरसर घालवण्यासाठी यंत्रानं आवाज घासून काढला होता, त्यात झांजेची शेपटीही गेली, आणि रेकॉर्ड काढणाऱ्यांनी तीच सीडी समोर ठेवून रेकॉर्ड कोरली होती. कंपनीला मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. त्या झांजेचं मला आजही वाईट वाटतं. पन्नास वर्षं ती टेपवर शाबूत होती.

तेव्हापासून मी आधी कव्हरची मागची बाजू वाचते. आवाज मूळ मास्टर टेपवरून घेतला आहे का, तो कुणी दुरुस्त केला, रेकॉर्ड कुणी कोरली, हक्क कुणाचे, संगीत कुठल्या स्टुडिओत मुद्रित झालं, एवढं ज्यांनी मनापासून केलंय ते अभिमानानं छापतात. जिथं नुसतं ‘रिमास्टर्ड’ एवढंच असतं, तिथं मी हात आवरते. रोमचीच फोर फ्लाइज आणि सोनोर यांच्या रेकॉर्ड मी न ऐकताही घेते, कारण ही माणसं टेप शोधण्यात आयुष्य घालवतात. आणि टेप मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांवरचा लेप ओल शोषून चिकट होतो. तशीच वाजवली तर तो लेप निघून यंत्राच्या हेडला चिकटतो आणि त्याबरोबर संगीतही जातं. अशी टेप आधी साधारण ५० अंश सेल्सिअसला तासन्‌तास शेकावी लागते. मग थोडे दिवस ती नीट वाजते आणि तेवढ्यात ती उतरवून घ्यायची.

आणखी एक गोष्ट बघा: एका बाजूला किती मिनिटं आहेत? वीसच्या आसपास असतील तर उत्तम. सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं कोंबली असतील तर आवाज बारीक होतो आणि खर्ज जातो. रेकॉर्ड फिरते एकाच गतीनं, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. त्यामुळे आतल्या खाचांमध्ये वरचे सूर फाटतात. एखादी उंच आवाजाची गायिका बाजूच्या शेवटच्या रचनेत ठेवली असेल तर समजा की क्रम लावणाऱ्यानं रेकॉर्ड लावून ऐकलेली नाही.

ताई, मी संगीताची विद्यार्थिनी आहे. वेस्टर्न चित्रपटांतली ती शीळ आणि शब्दांशिवाय गाणारा तो बाईचा आवाज, हे कुणाचं? की वाद्यंच आहेत? (कोल्हापूर)

दोन्ही माणसं आहेत, आणि तू विचारलंस याचा मला खूप आनंद झाला. शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची. लिओने या दिग्दर्शकाच्या १९६४ च्या पहिल्या वेस्टर्नमध्ये ती पहिल्यांदा ऐकू आली. त्यातलं गिटारही त्यांचंच. त्यांचं स्वतःचं गायकवृंद होतं, ‘कांतोरी मोदेर्नी’ नावाचं, आणि त्या काळच्या कितीतरी रोमन रेकॉर्डवर मागं तेच गातात. पिएरो उमिल्यानी यांचं १९६८ चं ‘मा ना मा ना’ तू कार्टूनसारख्या बाहुल्यांच्या कार्यक्रमामुळे ओळखत असशील. ते मुळात एका इटालियन चित्रपटासाठी केलेलं, आणि गाणारे आलेस्सांद्रोनी आणि त्यांची पत्नी.

तो आवाज एड्डा देल्लोर्सो यांचा. त्याच गायकवृंदातून पुढे आल्या. मोरिकोनेंनी त्यांना शब्द क्वचितच दिले, त्यांचा गळा व्हायोलिन किंवा ओबोसारखा वापरला. तू गातेस तर एक कर. १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधली जिल या नायिकेची धून लाव आणि फक्त श्वासाकडे लक्ष दे. आपल्याकडे आकारात आलाप घेताना सूर कसा लागतो, कुठं सोडायचा, हे गुरू शिकवतात. एड्डा सूर लावताना आधी अगदी पोकळ, हवेसारखा लावतात आणि मग आतून भरत नेतात. मी कितीदा ऐकलं असेल, तरी त्या जागेला सुई पोचली की हातातलं काम थांबतं. नंतर १९६९ च्या ‘मेत्ती, उना सेरा आ चेना’ या चित्रपटाचं संगीत ऐक. तोच गळा तिथं हसतो, लाडात येतो.

पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी येते. काय करावं? (रत्नागिरी)

माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे हे दुःख घरचं आहे. एका वर्षी पंधरा रेकॉर्ड आईकडे ठेवून आले आणि गणपतीला गेले तेव्हा कागदी आतल्या पिशव्यांवर पांढरे ठिपके होते. कागद ओल धरतो. आतली कागदी पिशवी काढून टाका आणि मऊ पॉलिथिनची घाला. कव्हर वेगळं, रेकॉर्ड वेगळी, दोन्ही उभी ठेवा, आडवी रचू नका. भिंतीपासून चार बोटं अंतर, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि उघडीप मिळाली की कपाटाचं दार उघडं. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड पाण्यानं, मऊ कापडानं, खाचेच्या दिशेनं पुसा. लेबल भिजू देऊ नका. उन्हात वाळवायचा मोह होतो, पण वाळवू नका, रेकॉर्ड वाकते.

पुढच्या वर्षी मुलीकडे इटलीला जाणार आहे. रोममध्ये तीन दिवस. या संगीतासाठी कुठं जावं? (डोंबिवली)

एक दिवस रविवार येईल असं बघा. पोर्ता पोर्तेसेचा बाजार फक्त रविवारी भरतो आणि दुपारी दोनच्या सुमाराला आवरतो. आठ नंबरची ट्राम घ्या, व्हियाले त्रास्तेव्हेरेवर उतरा आणि सकाळी आठच्या आत पोचा. कपड्यांच्या रांगा ओलांडून आतल्या गल्ल्यांत शिरलात की खोके दिसू लागतात.

दुसऱ्या दिवशी पियाझ्झाले फ्लामिनिओवरून निघणारी लोकल धरून एउक्लिदे स्टेशनला उतरा. समोरच्या चौकात मोठं गोल चर्च आहे. १९७० मध्ये मोरिकोने, पिक्च्योनी, त्रोवायोली आणि बाकालोव्ह या चार संगीतकारांनी त्याच्या तळघरात स्टुडिओ थाटला. तुम्ही ऐकलेल्या किती धुना त्या चर्चच्या खाली वाजल्या असतील! बाहेर बाकावर दहा मिनिटं बसा, कानात पिक्च्योनी लावा.

आणि बाजारात जुनी रेकॉर्ड हातात आली तर एक करा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी उजेडाकडे तिरकी धरा. त्या काळच्या इटालियन रेकॉर्डवर तिथं नंबराशेजारी पुष्कळदा तारीख कोरलेली असते. गेल्या ऑक्टोबरात मी अशीच एक पंचेचाळीसची उचलली. कव्हर फाटलेलं, लेबलवर कुणाचं तरी नाव पेनानं लिहिलेलं. तिरकी केली तर बारीक, हातानं कोरलेले आकडे दिसले: १२-११-७०. विकणारे आजोबा म्हणाले, पाच युरो. घरी येऊन पुसली आणि लावली. झांज पूर्ण विरेपर्यंत वाजली.