गाठ काढली, आता किमो घ्यायची का?

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. वय 31, अमळनेर तालुक्यात कापूस-मक्याची शेती, लग्न झालेलं आहे, मूलबाळ अजून नाही. उजव्या अंडकोषात कडक गाठ लागायची, दुखत नव्हती म्हणून लाजेकाजे कोणाला बोललो नाही, शेवटी जळगावला सोनोग्राफी केली आणि अंडकोष काढावाच लागला. बायोप्सीत सेमिनोमा (अंडकोषाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलाय, साईज 3 सेंटिमीटर, सीटी स्कॅन क्लिअर, ऑपरेशननंतर रक्तातले मार्कर (कॅन्सरची खूण दाखवणाऱ्या तपासण्या) नॉर्मल. आता एक डॉक्टर म्हणतात एक किमो घेऊन टाक, दुसरे म्हणतात काही नको, लक्ष ठेवू. माय म्हणते ‘गाठ काढी टाकी ना, आते कसाले औसद?’ आणि मामा म्हणतात मुंबईला टाटाला चल. माझं तर डोकंच चालत नाही.

उत्तर : भाऊ, तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, खोटं वाटेल पण ह्या आजारात असंच आहे. पहिल्या स्टेजचा, म्हणजे तुमच्यासारखा अंडकोषाबाहेर न दिसणारा सेमिनोमा असला की किमो घ्या किंवा लक्ष ठेवा, शंभरातले 98-99 जण बरे होतात. फरक आहे तो आजार परत येण्यात. नुसतं लक्ष ठेवलं तर शंभरात 15 ते 20 जणांना परत येतो, बहुतेक वेळा पोटात मागच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या गाठींत, आणि कार्बोप्लाटिन ह्या किमोच्या औषधाचा एक डोस घेतला तर हेच 4-5 वर येतं. आता उलट बाजूनं बघा, म्हणजे शंभर जणांना किमो दिली तर त्यातल्या 80 जणांना तिची गरजच नव्हती, फक्त ते 80 कोण हे आधी सांगता येत नाही.

थोडा अंदाज मात्र रिपोर्टमधून येतो. गाठ 4 सेंटिमीटरच्या वर आहे का आणि ‘रेटे टेस्टिस’मध्ये (अंडकोषातल्या बारीक नळ्यांच्या जाळीत) शिरली आहे का, ह्या दोन गोष्टी. साईज तुमची 3 आहे, रेटेचं तुम्ही लिहिलंच नाही, ती ओळ शोधा. तीही निगेटिव्ह असली तर परत येण्याचा धोका दहात एक किंवा त्याहून कमी. ऑपरेशनच्या आधीचा एएफपी (रक्तातल्या मार्करपैकी एक) पण काढून बघा. तो वाढलेला असेल तर कागदावर सेमिनोमा लिहिलं असलं तरी आम्ही तो निव्वळ सेमिनोमा धरत नाही आणि मग सगळा हिशोबच बदलतो. म्हणून ब्लॉक आणि स्लाइड (काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे आणि काचपट्ट्या) लॅबमधून मागून घ्या, लाजू नका, आणि कॅन्सरवाल्या पॅथॉलॉजिस्टकडून परत बघून घ्या. मामांना टाटाला जायचंच असेल तर ह्या कामासाठी जा, फाईलसोबत ब्लॉक नेले नाहीत तर फुकट चक्कर होईल.

हे सगळं नीट असेल तर माझं मत लक्ष ठेवण्याकडे. पण एक प्रश्न स्वतःला खरंखरं विचारा, तुम्ही याल का? पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी रक्त, पोटाचा स्कॅन, तपासणी, आणि ते नेमकं वेचणीच्या टायमाला येणार. आपल्याकडे ‘कापूस विकला की जातो’ म्हणता म्हणता दिवाळी जाते, संक्रांत जाते आणि पेशंट येतो तेव्हा पोटातली गाठ मोठी झालेली असते. तेव्हाही बहुतेक जण बरे होतात, पण एका डोसच्या जागी बीईपीचे (तीन औषधांची जास्त कडक किमो) तीन सायकल घ्यावे लागतात, कान, किडनी, फुफ्फुस सगळ्यावर ताण. येणं जमणारच नाही असं मनातून वाटत असेल तर एक डोस घेऊन टाका, मी नाही म्हणणार नाही, पण डोस घेतला तरी तपासण्या सुटत नाहीत बरं का. पूर्वी पोटाला शेक (रेडिएशन) द्यायचे, आता त्यात पुढे दुसरा कॅन्सर होण्याची भीती असते म्हणून कमी देतात. आणि मायला सांगा, औषध नको म्हणते ते पटण्यासारखं आहे पण दवाखाना सुटला नाही.

हो, धाकटा भाऊ असेल तर त्यालाही सांगा, महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हात लावून बघत जा म्हणावं. सख्ख्या भावाला धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

प्रश्न : नंदुरबारहून लिहितेय. मिस्टरांचं हेच ऑपरेशन झालं, पण रिपोर्टमध्ये नॉन-सेमिनोमा आणि लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन पॉझिटिव्ह आहे. वरच्यासारखं थांबून चालेल का?

उत्तर : ताई, तुमचं वेगळं आहे, नॉन-सेमिनोमा हा ह्याच कॅन्सरचा दुसरा प्रकार. रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या असल्या तर आजार शंभरात जवळपास 50 जणांना परत येतो, आणि बीईपीचा एक सायकल घेतला तर हा धोका 2-3 टक्क्यांवर येतो. सीटी आणि मार्कर नॉर्मल असतील तर मी किमो घ्या म्हणेन. बिडी-सिगारेट आजच बंद, बीईपीमधल्या ब्लिओमायसिन ह्या औषधानं फुफ्फुसाला त्रास होतो. आणि पुढे मूल हवं असेल तर पहिली सलाईन लागायच्या आधी स्पर्म साठवून ठेवा, जवळच्या आयव्हीएफ सेंटरला उद्याच फोन करा, ती सोय कुठे आहे ते सांगतील. सासूबाईंना काय सांगायचं ते नंतर बघू.